एक मिनिटाचं ठेसन

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी 'थांबे' हा विषय कळवला, तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा आले ते खानदेशातले रेल्वेचे हॉल्ट. जळगाव, भुसावळ, धुळे ही नावं सगळ्यांना माहीत असतात. पण दोन मोठ्या नावांमध्ये जी बारीक नावं असतात, जिथे गाडी मिनिटभर थांबते, चार माणसं उतरतात आणि पुन्हा सगळं सामसूम होतं, त्या जागा चालतात कशा? तिथे स्टेशन मास्तर नसतो, सिग्नल नसतो, कित्येकदा तिकिटाची खिडकीही बंद असते. तरीही गाडी थांबते. आधी चाळीसगाव–धुळे लाइनवर, मग पाचोऱ्याकडे असा मी हिंडलो. पाहिलं ते लिहितो, आणि त्यावरून जे वाटलं तेही स्पष्ट लिहितो.

चाळीसगावच्या बाजूच्या फलाटावर

चाळीसगाव जंक्शन आहे ते धुळ्याच्या फाट्यामुळे. मुंबई–भुसावळ या मुख्य मार्गावरून इथे एक एकेरी लाइन उत्तरेकडे वळते आणि ५६ किलोमीटरवर धुळ्याला जाऊन संपते. १९०० साली जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेने ती सुरू केली. धुळे हे जिल्ह्याचं ठाणं आणि कापसाची पेठ, पण मुख्य मार्ग त्याला बाजूला टाकून गेलेला. मग पेठेसाठी हा फाटा काढला. वाटेतली नावं पाहा: भोरस, जामदा, राजमाने, मोरदड तांडा, शिरूड, बोरविहीर, मोहाडी प्रगणे लळिंग. शेवटच्या नावात जुन्या महसुली व्यवस्थेतला परगणा अजून जिवंत आहे, आणि मोरदडच्या पाटीवर बंजाऱ्यांचा तांडा.

चाळीसगावात रेल्वेची वाट पाहण्याला एक वेगळंच नाव जोडलेलं आहे. केकी मूस हे पारशी चित्रकार आणि छायाचित्रकार स्टेशनाजवळच्या आपल्या बंगल्यात राहत. जन्म १९१२, मृत्यू १९८९. टेबलावर मांडणी करून काढलेल्या त्यांच्या छायाचित्रांना मोठी कीर्ती लाभली. ते स्वतः मात्र वर्षानुवर्षं घराबाहेर पडले नाहीत. गावात आजही सांगतात की पंजाब मेलने कुणी तरी येणार होतं, म्हणून रोज त्या गाडीच्या वेळी ते दार-खिडक्या उघडून ठेवत. गोष्टीत किती खरं आणि किती गावाने घातलेलं, याचा निवाडा करायला मी गेलो नव्हतो. पण पंजाब मेल रोज येते हा भरवसा नसता तर ही गोष्ट जन्मालाच आली नसती.

धुळ्याची मेमू, म्हणजे विजेवर चालणारी छोट्या पल्ल्याची गाडी, लागली तेव्हा फलाटावर कॉलेजची पोरं, दवाखान्याचे कागद पिशवीत धरलेले म्हातारे, माहेरी निघालेल्या लेकीसुना, पाटीवाल्या बाया होत्या. अहिराणी सगळीकडून कानावर येत होती. उशिरा धावत आलेल्या एका आबांनी विचारलं, "गाडी टाईमवर शे का?" आणि दोघांतिघांनी एकदम सांगितलं, "शे, शे, बसा." मुख्य मार्गाच्या फलाटावर तोच प्रश्न विचारला तर लोक वर लावलेल्या फळीकडे बोट करतात. इथे माणूस माणसाला सांगतो.

पूर्वी या लाइनीवर डिझेल इंजिनाची पॅसेंजर धावायची, आणि धुळ्याहून मुंबईला जाणारे डबे चाळीसगावला मोठ्या गाडीला जोडले जायचे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत सगळं थांबलं. मार्गाचं विद्युतीकरण झालं आणि डिसेंबर २०२१ मध्ये मेमू सुरू झाली. मधली पावणेदोन वर्षं वाटेतल्या गावांनी काढली ती एसटी, काळीपिवळी आणि मोटारसायकलवर. त्यात एसटीचा लांबलेला संपही आला. गाडी पुन्हा सुरू झाली तेव्हा जुने सगळे प्रवासी परत आले नाहीत. मधल्या काळात ज्याने हप्त्याने गाडी घेतली, तो रेल्वेकडे पुन्हा वळत नाही. लहान स्थानकाचं नुकसान असं होतं. ते दिसत नाही आणि भरूनही येत नाही.

गाडी थांबते कुणाच्या सांगण्यावरून

मी ज्या हॉल्टवर उतरलो त्याचं नाव मुद्दाम देत नाही. तिथे तिकिटं विकणाऱ्या माणसाला माझ्या लिहिण्याचा त्रास व्हायला नको. फलाट जवळजवळ रुळांच्या पातळीला, मुरूम टाकून दाबलेला. एक पिवळी पाटी, एक छोटी खोली, एक निंब, पत्र्याचं छत आणि दोन बाक. मेमूच्या दारातून खाली उतरायला पायऱ्या असतात, पण फलाट इतका खाली की शेवटची पायरी गुडघ्याएवढी उंच राहते. म्हाताऱ्या बायका आधी पिशवी खाली सोडतात, मग दांड्याला धरून पाठमोऱ्या उतरतात. वर चढवायला आतून कुणी तरी हात देतंच. हा हात रेल्वेच्या कुठल्याही नियमात नाही, पण तो नसता तर निम्मे प्रवासी इथून चढूच शकले नसते.

रेल्वेच्या कामकाजात स्थानकांचे दोन मोठे प्रकार आहेत. एका प्रकारात स्टेशन मास्तर असतो, शेजारच्या स्थानकाशी बोलून 'लाइन क्लिअर' घेतो, सिग्नल देतो, गाड्यांची क्रॉसिंग करतो. गाडी पुढे जाऊ द्यायची की नाही हे तो ठरवतो. दुसऱ्या प्रकारात यातलं काहीच नसतं. गाड्या चालवण्याच्या व्यवस्थेत हॉल्टचा काहीच वाटा नसतो; दोन मोठ्या स्थानकांमधल्या रुळावर गाडी फक्त थांबते. म्हणून तिथे सिग्नलची गरज नाही आणि मास्तरचीही नाही. ड्रायव्हरकडे वेळापत्रक असतं, त्यात थांबा लिहिलेला असतो, शेतात एक पाटी उभी असते, आणि तो गाडी उभी करतो. मागच्या डब्यातला गार्ड खाली वाकून पाहतो: सगळे उतरले का, कुणी अर्धवट चढलेलं तर नाही. मग घंटीचे दोन ठोके देतो आणि गाडी सुटते. जानेवारी २०२२ पासून गार्डाला 'ट्रेन मॅनेजर' म्हणतात. खानदेशात तो गार्डच आहे.

म्हणजे त्या मिनिटापुरता हॉल्टचा मास्तर गार्डच. लंगडत येणारी आजी त्याला दिसली तर तो घंटी पाच सेकंद उशिरा देतो. त्याच्या कागदावर ते पाच सेकंद कुठेच येत नाहीत.

जपानी लोकांनी हीच पद्धत फार काटेकोरपणे बसवली आहे. त्या देशात साडेनऊ हजारांच्या आसपास स्थानकं आहेत आणि त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांवर कुणी कर्मचारी नाही. खेड्यातल्या लाइनीवर एकदोन डब्यांची गाडी, तिच्यात एकटा ड्रायव्हर. प्रवासी मागच्या दाराने चढतो, चढताना यंत्रातून आकडा छापलेली चिठ्ठी घेतो. उतरताना पुढच्या दारापाशी फळीवर त्या आकड्यासमोरचं भाडं पाहून पेटीत टाकतो. तिकीटघर, तपासनीस, वसुली, सगळं त्या एका दारात आलं. स्थानकावर माणूस नसला तरी व्यवस्था गाडीबरोबर येते. आपल्या हॉल्टवर भाडं घेण्याची व्यवस्था गाडीत नाही, ती बाहेर गावात आहे. गावातला एक माणूस ती सांभाळतो.

खिडकीमागचा माणूस

हॉल्टवर तिकीट विकणारा रेल्वेचा नोकर नसतो. तो ठेकेदार, हॉल्ट एजंट. बहुधा त्याच गावचा किंवा शेजारच्या गावचा. तो जवळच्या मोठ्या स्थानकावर जातो, आगाऊ पैसे भरून तिकिटांचा साठा उचलतो, आपल्या खिडकीवर विकतो आणि विक्रीवर ठरलेलं कमिशन मिळवतो. पगार नाही, पेन्शन नाही, पास नाही. तिकीट खपलं नाही तर त्याचा पैसा अडकून राहतो. गाडीच्या अर्धा तास आधी येऊन कुलूप उघडायचं, झाडलोट करायची, तिकिटं द्यायची, गाडी गेली की हिशेब लिहायचा. बाकीच्या वेळी त्याचं शेत असतं, दुकान असतं.

मी पाहिलं ते काम फार नीटनेटकं होतं. जुनी पुठ्ठ्याची तिकिटं ज्यांनी हाताळली आहेत त्यांना आठवेल: बोटभर लांबीचा जाड तुकडा, दोन टोकांना क्रमांक, मध्ये 'पासून–पर्यंत'. इंग्लंडमधल्या थॉमस एडमन्सन नावाच्या स्टेशन मास्तराने १८३०च्या दशकात ही पद्धत काढली. तिचं मर्म क्रमांकात आहे. तिकिटं क्रमाने लावलेली. सकाळी वरचा क्रमांक लिहून ठेवायचा, संध्याकाळी पुन्हा पाहायचा. दोन क्रमांकांतला फरक म्हणजे दिवसाची विक्री. कमी शिकलेल्या माणसालाही हिशेब चुकवता येऊ नये आणि लपवताही येऊ नये, अशी ती रचना होती. आता संगणकी तिकिटं आणि मोबाइलवरचं तिकीट आल्यामुळे रेल्वेने पुठ्ठ्याची तिकिटं छापणारे आपले छापखाने एकामागून एक बंद करत आणले आहेत. मोठ्या स्थानकाला त्याचं काही वाटत नाही. हॉल्टच्या एजंटाला वाटतं, कारण त्याचं कमिशन त्याच्या हातातून गेलेल्या तिकिटावर आहे. पोराने घरूनच मोबाइलवर तिकीट काढलं, तर ते रेल्वेला मिळालं, एजंटाच्या पदरात काही पडलं नाही.

आणि भाडं तरी किती? साध्या पॅसेंजरचं कमीत कमी तिकीट दहा रुपये. त्यावरचं कमिशन रुपयांत नाही, पैशांत मोजावं लागतं. या पैशांसाठी माणूस पावसात सायकलने येतो, त्याचं कारण पैसा नाही. गावात 'ठेसनवाला' म्हणून त्याला मान असतो, गाडीची वेळ विचारायला लोक त्याच्या घरी येतात, आणि पुष्कळदा बापही हेच काम करत असतो. पण मान किती काळ पुरेल? पुढची पिढी हे करणार नाही असं मला जागोजागी ऐकायला मिळालं आणि त्यात मला त्यांची चूक दिसत नाही. एजंट सोडून गेला की नवा माणूस मिळेपर्यंत खिडकी बंद राहते. खिडकी बंद म्हणजे तिकीट नाही, तिकीट नाही म्हणजे उत्पन्न नाही. इथून खरी घसरण सुरू होते.

मोजणी

हॉल्ट ठेवायचा की काढायचा हे तिथे किती माणसं चढतात यावर ठरायला हवं. पण कागदावर माणसं दिसत नाहीत, तिकिटं दिसतात. रेल्वेचा ढोबळ निकष असा की शाखा मार्गावर रोज २५ आणि मुख्य मार्गावर ५० प्रवासीसुद्धा नसतील तर तो हॉल्ट बंद करण्याचा विचार करावा. २०१७ पासून हॉल्टना वेगळी श्रेणी आहे, तीही उत्पन्न आणि प्रवासी पाहून ठरते.

आता गावाच्या बाजूने पाहू. सकाळी धुळ्याला जाणारा माणूस हॉल्टवर तिकीट काढतो, संध्याकाळी परतीचं तिकीट धुळ्याला. परतीचा प्रवास धुळ्याच्या खात्यात जमा.   रोज जाणारा नोकरदार महिन्याचा पास चाळीसगावला किंवा धुळ्याला काढतो. शाळा-कॉलेजच्या पोरींना पदवीपर्यंत आणि मुलांना बारावीपर्यंत घर ते शाळा असा सीझन पास फुकट असतो. ही फार चांगली सवलत आहे. खानदेशातल्या किती तरी मुली तिच्यामुळे कॉलेजपर्यंत पोचल्या. पण या मुलींमुळे हॉल्टच्या उत्पन्नात एक रुपयाही पडत नाही. आणि ज्यांनी तिकीट काढलंच नाही, त्यांचा तर विषयच नको. हॉल्टवर तपासायला कोण येतं, असं म्हणून किती जण तसेच बसतात हे मी पाहिलं.

सगळी बेरीज केली की ज्या ठिकाणी शंभर माणसं चढतात तिथे कागदावर वीस राहू शकतात. आणि वीस आकडा निकषाच्या खाली आहे.

होक्काइदो बेटावरच्या क्यू-शिराताकी स्थानकाची गोष्ट २०१६ साली जगभर फिरली: एका शाळकरी मुलीसाठी रेल्वेने स्थानक चालू ठेवलं. सांगणाऱ्यांनी तिच्यात भर घातली होती. पण शाळेच्या वेळेला गाडी तिथे थांबत होती, त्या थांब्यावर चढणारी मुलगी होती, आणि त्या वर्षी मार्चमध्ये, शाळेचं वर्ष संपताना, स्थानक बंद झालं, एवढं खरं. आपल्याकडे ही गोष्ट लोकांनी डोळे पुसत एकमेकांना पाठवली. आपल्याच हॉल्टवर रोज मुली फुकट पासावर चढतात, आणि मोजताना त्या धरल्या जात नाहीत, हे मात्र कुणी कुणाला पाठवत नाही.

मोजणीचा दुसरा फटका टाळेबंदीनंतर बसला. देशभर पॅसेंजर गाड्या 'स्पेशल' किंवा 'एक्सप्रेस' म्हणून परत आल्या आणि दहाचं तिकीट तीस रुपयांचं झालं. भाडं पुन्हा खाली आलं ते २०२४च्या फेब्रुवारीअखेर. दरम्यान मुख्य मार्गावरची भुसावळ–मुंबई पॅसेंजर गेली. देवळाली–भुसावळ गाडी एक्सप्रेस म्हणून मेमूच्या डब्यांनी धावू लागली. म्हसावद, माहेजी, परधाडे, गाळण, वाघळी या ठिकाणांसाठी पॅसेंजर म्हणजे सगळं काही होतं; बाकीच्या गाड्या त्यांच्या अंगावरून धूळ उडवत जातात. दहा रुपयांच्या प्रवासाला तीस रुपये पडू लागल्यावर माणसं रिक्षाकडे गेली, आणि आकडा आणखी घसरला. आधी गाडी महाग करायची किंवा काढायची, मग माणसं येत नाहीत म्हणायचं. याला मी मोजणी म्हणणार नाही.

राजस्थानात सीकरजवळ रशीदपुरा खोरी नावाचं स्थानक २००५ साली उत्पन्नाअभावी बंद झालं. गावकऱ्यांनी तगादा लावला, ठरावीक तिकीटविक्रीची हमी घेतली आणि २००९ मध्ये ते पुन्हा सुरू करून स्वतः चालवायला घेतलं. हरियाणात ताजनगरच्या लोकांनी वर्गणी काढून स्वतःचा हॉल्ट बांधला, तो २०१० मध्ये सुरू झाला. हे वाचून अभिमान वाटतो, पण गावाने रस्ता, शाळा, दवाखाना यांसाठी वर्गणी काढायची नसते तशी रेल्वेसाठीही काढायला लागू नये, असं माझं ठाम मत आहे.

मास्तर असला म्हणजे झालं का

या सगळ्यावरून कुणाला वाटेल की जुना काळ बरा होता, प्रत्येक ठेसनावर टोपीवाला मास्तर होता. मला तसं म्हणायचं नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींत १९०१ सालचा प्रसंग लिहिला आहे. ते लहान असताना भावंडांबरोबर वडिलांना भेटायला निघाले आणि साताऱ्याकडच्या मसूर या छोट्या स्थानकावर उतरले. घ्यायला कुणी आलं नव्हतं. स्टेशन मास्तरने चांगल्या कपड्यांतली मुलं पाहून आधी आस्थेने चौकशी केली. जात कळल्यावर त्याचा चेहरा बदलला. गाडीवाले न्यायला तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडं आणि बैलगाडी मुलांनी स्वतः हाकायची, अशा बोलीवर सुटका झाली. स्थानकावर माणूस होता आणि तरी मुलं एकटी होती.

त्याच लिखाणात चाळीसगाव आहे. १९२९ साली सरकारी समितीच्या कामासाठी बाबासाहेब खानदेशात आले होते. धुळे लाइनीवरच्या एका गावाहून परतताना चाळीसगावच्या लोकांनी त्यांना मुक्कामाला ठेवून घेतलं. स्टेशनापासून महारवाडा दोनेक मैल. टांगेवाले त्यांना न्यायला तयार नव्हते. लोकांना वाटलं, पाहुण्याला पायी नेणं बरं नाही. म्हणून टांगा भाड्याने घेतला आणि हाकायला आपल्यातलाच, सवय नसलेला माणूस बसवला. पुलावर टांगा उलटला, बाबासाहेब फरशीवर आपटले, पायाचं हाड मोडलं. ते आले होते याच धुळ्याच्या फाट्याने. गाडीत तिकिटाला जात नव्हती. स्टेशनाच्या दारातून बाहेर पडताच ती वाट अडवून उभी होती.

मला यातून कळतं ते असं: स्थानक फलाटावर संपत नाही. गावापर्यंतची वाट हा त्याचाच भाग आहे. आज ती वाट जातीने नाही तर अंधाराने आणि चिखलाने अडते. बहुतेक हॉल्ट गावापासून आडबाजूला आहेत, कारण लाइन टाकताना चढ-उतार पाहिले, गावं नाही. संध्याकाळच्या गाडीने उतरलेली मुलगी शेतातल्या पायवाटेने मोबाइलच्या उजेडात घरी जाते. म्हणून पुष्कळ बाप तिला त्या गाडीने येऊच देत नाहीत. आणि मग पुन्हा आकडा घटतो.

पायवाटेची सवय रुळांवरही नेते. बालकवी ठोंबरे हे खानदेशचे, जन्म धरणगावचा. ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली सापडून ते गेले. वय अवघं २७. भादली जळगाव आणि भुसावळच्या मधलं छोटं स्टेशन. आज मुख्य मार्गावर गाड्यांची इतकी गर्दी आहे की तिसऱ्या-चौथ्या लाइनी टाकल्या जात आहेत. जळगाव–मनमाड चौथ्या लाइनीला नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली. लाइनी वाढतात तशी लहान स्थानकावर रुळांची रुंदी वाढते, आणि पादचारी पूल नसेल तर या फलाटावरून त्या फलाटावर जायला चार-चार रूळ ओलांडावे लागतात. २२ जानेवारी २०२५ रोजी परधाडेजवळ पुष्पक एक्सप्रेसमध्ये आगीची अफवा उठली, घाबरलेले प्रवासी खाली उतरले आणि शेजारच्या रुळावरून आलेल्या कर्नाटक एक्सप्रेसखाली सापडले. परधाडे हे नाव देशाने पहिल्यांदा ऐकलं ते त्या दिवशी. एरवी तिथे कोणत्या गाड्या थांबतात हे कुणी विचारत नाही.

पीजे

पाचोऱ्याला गेलो ते पीजेसाठी. पाचोरा–जामनेर ही अरुंद लाइन, दोन रुळांतलं अंतर ७६२ मिलिमीटर. १९१९ च्या सुमाराची, कापसासाठी टाकलेली. वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर, भागदरा, जामनेर. पहूर अजिंठ्याच्या डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, शेंदुर्णी त्रिविक्रमाच्या देवळाचं गाव. छोटं डिझेल इंजिन, मागे मोजके डबे, दिवसात थोड्याच फेऱ्या. अशा लाइनींवर एका वेळी एकच गाडी असते. समोरून दुसरी येण्याचा प्रश्नच नाही, म्हणून वाटेतल्या स्थानकांवर मास्तर लागत नाही. विदर्भातल्या शकुंतला या अशाच अरुंद लाइनीवर तर गाडीबरोबरचे मोजके कर्मचारीच सगळं करत. फाटक आलं की गाडी थांबवून खाली उतरून ते लावायचं, गाडी पुढे गेली की उघडायचं आणि पळत जाऊन पुन्हा चढायचं. तिकिटंही गार्डच द्यायचा. जपानने जे यंत्राने केलं ते मूर्तिजापूर–यवतमाळ मार्गावर माणसांनी अंगमेहनतीने केलं.

पीजे मार्च २०२० मध्ये थांबली आणि पुन्हा धावली नाही. लोकांनी कृती समिती केली, निवेदनं दिली, मोर्चे काढले. मार्ग ब्रॉडगेज करून जामनेरच्या पुढे बोदवडपर्यंत न्यायला मंजुरी मिळाली आहे. एकूण ८४ किलोमीटर. बोदवड भुसावळ–नागपूर मार्गावर आहे, म्हणजे हा फाटा दोन्ही टोकांनी मुख्य मार्गाला जोडला जाईल. हे व्हायला हवं आणि लवकर व्हायला हवं. पण मंजुरी आणि गाडी यांच्यामधल्या वर्षांत पहूरच्या भाजीवालीने काय करायचं, याचं उत्तर प्रकल्पाच्या कागदात नसतं. जुनी गाडी हळू होती, पण बायका पाट्या घेऊन तिच्यात बसत आणि पाटीचे पैसे कुणी मागत नसे. रिक्षात पाटीचं भाडं वेगळं लागतं. एका पाटीमागे उरणारा नफा त्यातच जातो, आणि बाजाराला जाणंच परवडेनासं होतं.

गाडी बंद झालेल्या स्थानकांची अवस्था मी सांगितलीच पाहिजे. खिडक्यांच्या चौकटी गेल्या, रुळांत काटेरी बाभूळ उगवली, ओट्यावर जनावरं बसतात. पाच-सहा वर्षांत शंभर वर्षांची वास्तू अशी होते. स्थानकावर माणूस नव्हता तेव्हाही ती उभी होती, कारण रोज गाडी येत होती आणि गाडीसाठी माणसं येत होती. ती पडली गाडी बंद झाल्यावर.

बोरविहीर

धुळ्याच्या अलीकडे बोरविहीर आहे. या लाइनीवरच्या सर्वांत साध्या नावांपैकी एक. तिथून एक नवी लाइन नरडाण्याला जाणार आहे, सुमारे ५० किलोमीटर. नरडाणा तापी खोऱ्यातल्या सुरत–जळगाव मार्गावर. १६ फेब्रुवारी २०१९ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते धुळ्यात तिचं भूमिपूजन झालं. हा मनमाड–इंदूर मार्गाचा तुकडा. ३०९ किलोमीटरच्या मनमाड–इंदूर मार्गाला २ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. खर्च १८,०३६ कोटी रुपये, ३० नवी स्थानकं. धुळेकरांच्या कित्येक पिढ्यांनी या मार्गाची मागणी केली. तो झाला की बोरविहीर जंक्शन होईल.

मला त्याचा आनंद आहे. धुळे सव्वाशे वर्षं फाट्याच्या टोकाला अडकून पडलं होतं, ते मोकळं होईल. पण ३० नव्या स्थानकांतली बहुतेक खेड्यांत असतील, आणि त्यांतल्या पुष्कळ ठिकाणी कमी माणसांत काम चालवायचं ठरेल. त्याला माझा विरोध नाही. माणूस नसलेलं स्थानक चांगलं चालू शकतं, हे जपानने दाखवलं आणि आपल्या गार्डांनी, एजंटांनीही दाखवलं. मात्र त्याला चार गोष्टी लागतात: शाळा आणि बाजाराच्या वेळेला थांबणारी गाडी, गुडघ्याला न झेपणारी पायरी काढून टाकणारा उंच फलाट, गावापर्यंत दिव्याचा रस्ता, आणि एजंटाला विक्रीच्या पैशांवर न टाकता ठरावीक महिना. १८ हजार कोटींत या गोष्टी सहज बसतात. नंतर त्या कधीच होत नाहीत, कारण नंतर आकडा मागतात.

वाचकांकडे माझं मागणं एवढंच आहे. तुमचं गाव हॉल्टवर असेल तर तिकीट तिथल्याच खिडकीवर काढा. मोबाइलवर काढलंत तर 'पासून'च्या रकान्यात आपल्या हॉल्टचं नाव घाला, जवळच्या मोठ्या स्टेशनाचं नाही. तपासायला कुणी नसलं तरी तिकीट काढा. ग्रामसभेत ठराव करून मुलींचे पासही मोजणीत धरा अशी मागणी भुसावळच्या मंडल कार्यालयाकडे पाठवा, आणि खासदाराला त्याची प्रत द्या. तुमच्या हॉल्टवर गाडी थांबावी की नाही हे तिकिटांच्या त्या आकड्यावर ठरतं.